आबांना काय विचारायचे? स्मृतिभ्रंशाच्या निदानाचा आढावा

तामिळनाडूत वेल्लोरजवळच्या खेड्यांमधल्या पासष्टीपुढच्या माणसांची पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ‘डीएसएम-४’ हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचे निकष लावले, तेव्हा त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण निघाले ०.३ टक्के, म्हणजे हजारात तिघे. त्याच माणसांना ‘१०/६६’ या संशोधक गटाने गरीब देशांसाठी बसवलेली पद्धत लावली, तर आकडा दहा टक्क्यांच्या वर गेला. माणसे तीच होती आणि त्यांच्या मेंदूंची अवस्थाही तीच. वेगळी होती ती उत्तरे जोखण्याची रीत. जुन्या निकषांत एक अट होती : विस्मरणामुळे माणसाच्या रोजच्या व्यवहारात अडथळा आलेला असला पाहिजे. तो आला की नाही हे घरच्यांनीच सांगायचे, आणि घरच्यांनी ते सांगितले नाही. म्हाताऱ्या माणसाकडून कामाची अपेक्षाच उरलेली नव्हती, ताट हातात मिळत होते, मग अडथळा दिसणार कुठे?

बारामती तालुक्यातले कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचे उसाचे गाव. तिथे उद्या कोणी स्मृतिभ्रंश मोजायला बसले, तर हाच प्रश्न समोर येईल. माझे म्हणणे असे, की या आजाराचे निदान मुळात चौकशीचे काम आहे. रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूची छायाचित्रे त्या चौकशीच्या मदतीला येतात. तिची जागा घेऊ शकत नाहीत. आणि ही चौकशी गावाच्या जगण्यातून घडवलेली नसेल, तर ती दोन्ही बाजूंनी चुकते : शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पण डोके शाबूत असलेल्या आजीला आजारी ठरवते आणि खरोखर आजारी असलेल्या आबांना ‘वय झाले’ म्हणून सोडून देते.

चौकशीचे हे महत्त्व नवे नाही. आलॉइस आल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर या बाईंना तपासले, तेव्हाची त्यांची टिपणे टिकून आहेत. नाव काय? आडनाव काय? मग काही वस्तू दाखवायच्या आणि थोड्या वेळाने विचारायचे, मघाशी काय दाखवले होते? सुरुवातीची हकिकत नवऱ्याकडून आलेली होती. बायको विनाकारण संशय घेऊ लागली, इथून ती सुरू होते. मेंदूतल्या गाठी आणि साखळलेले थर आल्झायमर यांना दिसले ते १९०६ साली, बाईंच्या मृत्यूनंतर. म्हणजे आजाराचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली आला. आजार आहे ही ओळख मात्र प्रश्नोत्तरांतून आणि घरच्याच्या सांगण्यातून आधीच पटलेली होती. सव्वाशे वर्षांत साधने पुष्कळ वाढली, पण डॉक्टरच्या कामाचा हा क्रम बदललेला नाही.

डॉक्टर पहिल्यांदा शोधतात तो काळाचा धागा. गोंधळ दोन दिवसांत सुरू झाला असेल, माणूस घटकेत शुद्धीवर आणि घटकेत बरळत असेल, तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. तो डेलिरियम असतो, आणि त्यामागे लघवीचा संसर्ग, रक्तातले सोडियम घसरणे किंवा नुकतेच सुरू केलेले औषध सापडते. हा तातडीचा आजार आहे. काही महिन्यांत माणूस खचला, जेवण तुटले, झोप गेली, कशातच रस नाही आणि प्रत्येक प्रश्नाला ‘मला नाही आठवत’ एवढेच उत्तर, तर नैराश्याचा विचार करावा लागतो. वर्षा-दोन वर्षांत हळूहळू उतरण लागली असेल, आधी येत असलेल्या गोष्टी येईनाशा झाल्या असतील आणि त्यामुळे दुसऱ्याच्या आधाराची गरज पडू लागली असेल, तेव्हाच स्मृतिभ्रंश हे नाव देता येते. यातले ‘आधी’ महत्त्वाचे. माणूस आज काय करू शकतो याची तुलना त्याच्याच कालच्या वकुबाशी करायची असते, शेजाऱ्याशी नव्हे. आणि त्याचा कालचा वकूब दवाखान्यातल्या कोणालाही ठाऊक नसतो. तो ठाऊक असतो त्याच्याबरोबर राहणाऱ्याला.

कागदावरच्या चाचण्या इथेच अडतात. सर्वांत जास्त वापरली गेलेली ‘एमएमएसई’ ही तीस गुणांची चाचणी १९७५ सालची, अमेरिकेतली. तीत तारीख सांगायची, शंभरातून सात-सात वजा करत जायचे, लिहिलेली सूचना वाचून तसे करायचे, एक वाक्य लिहायचे, आकृती उतरवायची. २००५ साली आलेली ‘मोका’ आणखी बारीक. तिच्यात घड्याळ काढायला सांगतात. वर्तुळ काढा, आकडे भरा, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा. चाचणी म्हणून हे घड्याळ फार कसदार आहे. आकड्यांना जागा पुरवायची तर आधी योजना लागते, आकडे नीट पसरायचे तर जागेचे भान लागते, आणि ‘दहा मिनिटे’ ऐकून काटा दहाच्या आकड्यावर न नेता दोनवर न्यायचा तर पहिली ऊर्मी आवरावी लागते. पण हे सगळे ज्याने आयुष्यभर पेन्सिल धरली त्याच्यापुरते. जिने जन्मात पेन्सिल हातात घेतली नाही त्या पंचाहत्तरीच्या बाईचे वर्तुळच थरथरत निघते, आकडे येत नाहीत, आणि कागद पाहणाऱ्याला ते बिघडलेल्या मेंदूचे काम वाटते. ‘मोका’त बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. शाळेत पाऊलच न टाकलेल्या माणसाला त्या एका गुणाने काय होणार?

या अडचणीवर आपल्याकडे मन लावून काम झाले ते हरियाणातल्या बल्लभगडला. तिथल्या इंडो-अमेरिकी अभ्यासातून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही चाचणी प्रसिद्ध केली. सातची वजाबाकी काढून विसातून तीन-तीन वजा करणे आले, आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायला सांगितले, वाचण्याच्या सूचनेऐवजी ‘मी करतो तसे करा’ आले. आम, कुर्सी, सिक्का हे लक्षात ठेवायचे शब्द झाले. मराठीत अशीच बैठक हवी. कोऱ्हाळ्यातल्या आजींना इंग्रजी महिन्याची तारीख विचारण्यात अर्थ नाही. पण कालची एकादशी होती का, पौर्णिमा झाली का, आठवडे बाजार कोणत्या वारी, हे त्यांना पक्के ठाऊक असते. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून याच भागातून पंढरीला जाते. ती गेली की यायची आहे, हे ज्या बाईला सांगता येत नाही तिच्याविषयी काळजी वाटायला हवी, मग तिला जुलै कशाला म्हणतात हे माहीत असो वा नसो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा जो संच बांधला, त्याची २०२० साली प्रसिद्ध झालेली आवृत्ती हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांची होती. मराठीसारख्या कोट्यवधी लोकांच्या भाषेचे नाव त्या पहिल्या यादीत नसावे, हे बोचते.

यावर एक रास्त हरकत आहे. चाचणी इतकी सोपी केली, तर शिकलेल्या माणसाचा आजार तिच्या जाळ्यातून निसटेल. हे खरेच आहे. त्याच गावातले निवृत्त मुख्याध्यापक वार उलटे म्हणतील, तीन-तीन वजाही करतील, पूर्ण गुण मिळवतील आणि तरी त्यांचा आजार सुरू झालेला असेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित आठवावेत, विद्वत्तेचा साठा मोठा असला की पडझड पुष्कळ दिवस झाकून राहते. म्हणून एकाच गावात दोन मापे ठेवावी लागतात. पण याच हरकतीतून दिसते की गुणांच्या बेरजेवर निदान टांगता येत नाही. गुण कमी पडले तर त्याचे कारण शाळा, बहिरेपणा, मोतीबिंदू किंवा परक्या माणसासमोरचा संकोचही असू शकतो. गुण भरपूर पडले तरी उतरण नाही असे ठरत नाही.

मग उरते घरच्याची साक्ष, आणि खरे कौशल्य तिथे लागते. ‘आबा विसरतात का हो?’ असे सुनेला विचारले, तर ‘वय झालंय, विसरायचंच की’ हे उत्तर ठरलेले. त्या उत्तरातून काहीच कळत नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेल्या अभ्यासात हेच पुढे आले : लोक या लक्षणांना म्हातारपणाचा भाग मानत होते, किंवा मुलांनी आबाळ केल्याचा परिणाम. आजाराची लक्षणे घरच्यांच्या बेपर्वाईचा पुरावा ठरणार असतील, तर कोणती सून ती मोकळेपणी सांगेल? म्हणून मत विचारायचे नाही, घडलेले विचारायचे. यंदा तोडीची टोळी आली तेव्हा मुकादमाशी बोलणे कोणी केले, आणि तीन हंगामांपूर्वी कोण करायचे? उसाची नोंद कारखान्याला कधी दिली हे आबांना सांगता येते का? कालव्याची पाळी आल्यावर रात्री दारे धरायला ते जायचे. ते बंद झाले ते गुडघ्यामुळे, की पाणी कोणत्या सऱ्यांत फिरवले हे ध्यानात राहीना म्हणून? बिलाचे पैसे सोसायटीत किती वळते झाले याचा हिशेब ते आजही ठेवतात का? आजींच्या बाबतीत भाजीत मीठ दोनदा पडते का, दूध उतू जाण्याचे प्रमाण वाढले का, जेवून उठल्यावर ‘मला जेवायला दिले नाही’ म्हणतात का, ओळखीच्या वस्तीवरून परत येताना वाट चुकल्या का.

बल्लभगडच्या गटाने हीच दिशा धरून ‘एव्हरीडे ॲबिलिटीज स्केल फॉर इंडिया’ ही छोटी प्रश्नावली केली, ती घरच्यांना विचारायची. त्यात होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का, सांगितलेला निरोप पोचवता येतो का, गावातल्या लग्नकार्यावर किंवा राजकारणावर नीट बोलता येते का, असे प्रश्न आहेत. बँकेचे पुस्तक आणि टेलिफोन यांवर बेतलेल्या परदेशी यादीपेक्षा ही कितीतरी जवळची. आणि वेल्लोरच्या त्या दोन आकड्यांमधले अंतर नेमके इथे भरून निघते. आबांकडून काम अपेक्षित नाही हे खरे, पण निरोप, सण, वाट आणि जेवण या गोष्टी अपेक्षा संपल्या तरी संपत नाहीत.

घरच्याची साक्ष एकतर्फी असते, ही हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. जमिनीची वाटणी व्हायची असेल तर एका भावाला वडील ठणठणीत असल्याचे दाखवायचे असते आणि दुसऱ्याला ते भ्रमिष्ट झाल्याचे. पुण्यात नोकरी करणारा मुलगा महिन्यातून एक दिवस येतो, आणि त्या दिवशी वडील उत्साहाने बोलतात; त्याला सगळे ठीक दिसते. रोज न्हाऊ-खाऊ घालणाऱ्या सुनेला उतरण दिसते, पण तिचे शब्द घरात मोजले जात नाहीत. याला उपाय साक्ष टाकून देणे हा नव्हे. एकापेक्षा अधिक जणांना वेगवेगळे विचारावे, सोबत राहणाऱ्याचे म्हणणे वरचढ मानावे, आणि ते रुग्णाच्या स्वतःच्या कामगिरीशी ताडून पाहावे. १०/६६ गटाने केले ते हेच : रुग्णाची चाचणी, घरच्याची मुलाखत आणि मनोविकारांची चौकशी एकत्र जोडली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पडताळणीत या पद्धतीने ९४ टक्के रुग्ण ओळखले. कमी शिकलेल्या निरोगी माणसांना चुकून आजारी ठरवण्याचे प्रमाण ६ टक्के होते, अधिक शिकलेल्यांत ३ टक्के. निरक्षरतेचा भार इतका उतरवणे ही मोठीच कामगिरी आहे. नैराश्याच्या रुग्णांत मात्र चूक १५ टक्क्यांवर गेली. तिथे डॉक्टरचा डोळा लागतोच.

चौकशीनंतर तपासण्या येतात. आधी औषधांची पिशवी रिकामी करून पाहावी. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या जुन्या गोळ्या, लघवी रोखण्याची किंवा कंप कमी करण्याची काही औषधे म्हाताऱ्या मेंदूला गुंगवतात. मग थायरॉइड, साखर, सोडियम, मूत्रपिंडे, बी-१२. या बी-१२ जीवनसत्त्वाविषयी पुणे जिल्ह्यात थांबून बोलायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते. गळ्यात माळ घालून पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार पाळणाऱ्या घरांत हे नवलाचे नाही. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. तीनांपैकी दोघांत जे कमीच असते, ते विसरभोळ्या माणसात कमी सापडले म्हणून तेच कारण ठरत नाही. इंजेक्शने द्यावीत, ती स्वस्त आहेत आणि मज्जातंतूंना हवीच आहेत. मात्र ‘बी-१२ कमी निघाले, आता बरे होतील’ असे सांगून चौकशी तिथे मिटवणे ही फसगत आहे. बऱ्या होऊ शकणाऱ्या स्मृतिभ्रंशाची आशा किती धरावी? क्लारफील्ड यांनी २००३ साली जगभरच्या ३९ अभ्यासांचा हिशेब मांडला, तेव्हा बरे होण्यासारखे कारण ९ टक्क्यांत दिसले, प्रत्यक्षात सुधारले एका टक्क्याहून कमी. बंगळूरच्या निम्हान्समधील २००५ सालच्या १२९ रुग्णांच्या अभ्यासात मात्र बरे होण्यासारखे सुमारे १८ टक्के होते. मेंदूचे संसर्ग, मेंदूत पाणी साठणे आणि बी-१२ची उणीव ही त्यांतली मुख्य कारणे. मोठ्या रुग्णालयात पोचलेल्यांचा हा आकडा गावाला जसाच्या तसा लागू होणार नाही, तरी आपल्याकडे या तपासण्या टाळून चालत नाही एवढे तो सांगतो. मेंदूचा एक सीटी स्कॅनही याचसाठी : महिन्यापूर्वी ओट्यावरून पडलेल्या आजींच्या कवटीखाली रक्त साकळलेले असेल, तर शस्त्रक्रियेने त्या पुन्हा पहिल्यासारख्या होऊ शकतात.

स्मृतिभ्रंश ठरला की तो कोणता, हा प्रश्न येतो. आल्झायमर सर्वांत अधिक. रक्तदाब आणि मधुमेहातून पायरी-पायरीने उतरत जाणारा रक्तवाहिन्यांचा. पुष्कळ वेळा दोन्ही मिसळलेले. ल्यूई बॉडी प्रकार मात्र वेळीच ओळखावा. त्यात माणसाला दारात उभी असलेली मुले किंवा जनावरे स्पष्ट दिसतात, चाल आखडते, झोपेत हातपाय झाडले जातात. घरचे ‘बाहेरचे काहीतरी’ म्हणून देवऋषाकडे नेतात. आणि दवाखान्यात नेले व तिथे भास थांबवायला हॅलोपेरिडॉल दिले, तर माणूस लाकडासारखा ताठरतो आणि जिवावर बेतू शकते. इथे चुकलेले निदान थेट इजा करते.

आता सर्वांत नवी हरकत. रक्ताच्या थेंबातून आल्झायमर कळू लागला असताना ही सगळी प्रश्नोत्तरे कशाला? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड या प्रथिनांच्या प्रमाणावर बेतलेल्या रक्तचाचणीला मान्यता दिली, हे मोठे पाऊल आहे. कमरेतून पाणी काढणे आणि महागडे पेट स्कॅन पुष्कळांचे वाचतील. पण ती मान्यता लक्षणे दिसू लागलेल्या, तज्ज्ञाकडे आलेल्या माणसांसाठी आहे. चाचणी सांगते ते मेंदूत अमायलॉइड साठल्याचे. माणसाचे व्यवहार ढासळल्याचे नव्हे. २०१५ साली ‘जामा’त आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार बुद्धी शाबूत असलेल्या नव्वदीतल्या माणसांपैकी ४४ टक्क्यांत अमायलॉइड असते. नुसत्या जैविक खुणेवर आजार जाहीर करावा का, यावर तज्ज्ञांतच दुफळी आहे : अमेरिकेतल्या आल्झायमर्स असोसिएशनचे २०२४ चे निकष हो म्हणतात, आंतरराष्ट्रीय कार्यगट लक्षणांची जोड मागतो. मला दुसरी बाजू पटते. त्यातून मूत्रपिंडे कमजोर असली की पी-टाऊ वाढून दिसते, आणि रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशाबद्दल ही चाचणी काहीच बोलत नाही.

‘औषध नाही तर नाव देऊन काय मिळणार?’ हा प्रश्न घरोघर विचारला जातो, आणि तो थकलेल्या माणसांचा प्रश्न आहे. उत्तर गोव्यातून मिळते. तिथे ८१ कुटुंबांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आजार समजावून सांगितला, वागण्याच्या तक्रारी कशा हाताळायच्या ते दाखवले. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण घटला. सासू मुद्दाम छळत नाही, तिचा मेंदू आजारी आहे, हे कळणे हाच सुनेसाठी उपचाराचा पहिला भाग. शिवाय सही कोण आणि कधी करणार, पेन्शन कोण काढणार, कोणती औषधे टाळायची, हे वेळेत ठरते.

गावात याची सुरुवात करायला कागद आधीच आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाची जी तपासयादी भरतात, तिच्यात साठीपुढच्यांसाठी चार प्रश्न आहेत, आणि त्यातला एक असा : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? प्रश्न आहे हे चांगले, पण तो विचारायचा त्याच माणसाला, ज्याला आपण विसरतो याचेच भान आजाराने उरलेले नसते. जवळच्यांची नावे जातात तीही पुष्कळ उशिरा. आणि मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्याला पत्ता सांगायची वेळ येते कधी? ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीने २०२३ साली साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त. एवढ्या मोठ्या संख्येला हा एक प्रश्न पुरत नाही. आशाताईंवर आधीच कामाचा ढीग आहे, त्यात भर नको, ही तक्रार खरी आहे. म्हणून नवी यादी न आणता तोच प्रश्न बदलावा, तो सोबत राहणाऱ्या बाईला विचारावा : दोन वर्षांपूर्वी हे कोणते काम स्वतः करायचे, जे आता विसरण्यामुळे सुटले? उत्तर तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहावे आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा विचारावे. ही दोन उत्तरे घेऊन रुग्ण बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचला, तर २०१९ साली सुरू झालेल्या त्या संस्थेतल्या डॉक्टरांना उतरणीचा वेग पहिल्याच भेटीत दिसेल, आणि सीटी स्कॅनमध्ये नेमके काय शोधायचे तेही.